गाडीतल्या एबीएस, एअरबॅगची वार्षिक तपासणी: कुठून सुरुवात करायची

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपली की दर ५ वर्षांनी नूतनीकरण, आणि तेव्हा कुठे गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते. मधल्या काळात नेमाने होणारी सरकारी तपासणी एकच, पीयूसी. तिचा संबंध धुराशी. एअरबॅगची वायर निघाली आहे का, एबीएसचा (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर उंदराने कुरतडला आहे का, हे त्या १५ वर्षांत कुणी विचारत नाही.

जर्मनीत नवी गाडी ३ वर्षांची झाली की पहिली तपासणी आणि नंतर दर २ वर्षांनी. तिथे १ जुलै २०१५ पासून तपासनिसाला गाडीच्या सॉकेटला एक अडॅप्टर जोडून एबीएस, ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा), एअरबॅग ह्या यंत्रणांशी थेट बोलावं लागतं. इंग्लंडच्या एमओटी तपासणीत एअरबॅगचा किंवा एबीएसचा दिवा पेटलेला राहिला तर गाडी सरळ नापास. तिकडे स्थायिक झालेल्या नातेवाइकांना विचारा, डॅशबोर्डवर एखादा दिवा लागला की तारीख जवळ आलेल्या माणसाची कशी धावपळ होते ते सांगतील. आपल्याकडे तोच दिवा वर्षभर पेटून असतो आणि मालक म्हणतो, ‘गाडी तर चालतेय ना!’

तेव्हा हे काम आपलं आपणच करायचं. ते वाटतं तितकं अवघड नाही, कारण ह्या यंत्रणा स्वतःची तपासणी स्वतः करत असतात. चावी फिरवली की प्रत्येक यंत्रणेचं युनिट, म्हणजे तिचा छोटा संगणक, आपले सेन्सर, वायरी, व्होल्टेज तपासतं आणि काही बिघाड असेल तर दिवा पेटवतं. आपल्याकडे दोनच कामं उरतात: तो निरोप आपल्यापर्यंत खरोखर पोचतो आहे का हे पाहणं, आणि युनिटला जे दिसूच शकत नाही ते आपल्या डोळ्यांनी पाहणं. वर्षातून एकदा एक सकाळ काढा. माझ्या मते पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आधीचा काळ उत्तम. पाण्याने आणि उंदरांनी जे काही करायचं ते तोवर करून झालेलं असतं.

आधी यादी: तुमच्या गाडीत आहे काय?

गाडीचं मॅन्युअल काढा. हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर पीडीएफ मिळतं. त्यात दिव्यांचं एक पान असतं, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

गाडी कधीची आहे त्यावरून साधारण अंदाज येतो. एप्रिल २०१९ पासून कारना एबीएस सक्तीचं आहे. १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, पुढच्या दोन्ही सीटचा पट्ट्याचा इशारा, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. शेजारच्या सीटची एअरबॅग आधी फक्त नव्या मॉडेल्सना लागू होती, २०२२ उजाडल्यापासून सगळ्याच कारना लागू झाली. मोटरसायकल १२५ सीसीच्या वरची असेल तर एबीएस, खालची असेल तर निदान सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लावणारी यंत्रणा), हेही एप्रिल २०१९ पासूनच. त्याहून जुनी गाडी असेल तर वरच्या व्हेरियंटमध्येच ह्यातलं काही सापडेल. म्हणून शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलवरून अंदाज बांधू नका. स्वतःच्या गाडीत स्टिअरिंगवर, डॅशबोर्डवर, सीटच्या कडेला आणि दाराच्या खांबावर ‘एअरबॅग’ असं कोरलेलं किंवा शिवलेलं कुठे कुठे आहे ते मोजा.

पायरी १: बॅटरी

सुरुवात बॅटरीपासून, कारण ती कमजोर असेल तर पुढचं सगळं खोटं दिसतं. सेल्फ मारताना व्होल्टेज खाली आलं की एबीएस, पॉवर स्टिअरिंग, ईएससी असे तीन-चार दिवे एकदम लागू शकतात आणि युनिटं एकमेकांशी संपर्क तुटल्याचे कोड, म्हणजे बिघाडाच्या नोंदी, साठवून ठेवतात. त्यावर एखादा मिस्त्री एबीएसचं अख्खं युनिट बदलायला निघतो.

साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १२.२ किंवा त्याखाली असेल तर आधी चार्ज करा किंवा बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट करून घ्या. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. हल्लीच्या काही गाड्यांत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर व्होल्टेज गरजेनुसार कमी-जास्त करतो, तिथे आकडा थोडा हलला तर घाबरू नका. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर साफ करून घ्या आणि चेसिसला जाणारी अर्थची वायर घट्ट आहे का ते हलवून पाहा.

पायरी २: दिव्यांची हजेरी

हीच खरी तपासणी, आणि ती फुकट आहे. नवखा माणूस डॅशबोर्डकडे पाहतो, एकही दिवा पेटलेला नाही म्हणून खूश होतो. प्रत्यक्षात दिवा आधी पेटायला हवा आणि मग विझायला हवा. मुळात पेटलाच नाही तर बल्ब गेलाय, कुणी काढलाय, किंवा युनिटच मेलंय.

चावी ‘ऑन’ करा, इंजिन सुरू करू नका. पुश बटणाची गाडी असेल तर ब्रेक-क्लचला पाय न लावता बटण दाबा, बहुतेक गाड्यांत दोनदा. आता मोबाइलवर डॅशबोर्डचा व्हिडिओ घ्या. दिवे इतक्या भराभर येतात-जातात की डोळ्यांना सगळे टिपता येत नाहीत, व्हिडिओ थांबवून थांबवून पाहता येतो. एअरबॅग, एबीएस, ईएससी, पॉवर स्टिअरिंग, टायर प्रेशर: मॅन्युअलच्या फोटोशी एकेक ताडून पाहा. बहुतेक दिवे ३ ते ६ सेकंदांत विझतात.

आता एक लबाडी सांगतो. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने तर ही पाठच करावी. अपघातात एअरबॅग उघडलेली गाडी स्वस्तात दुरुस्त करून विकायची असेल तर एअरबॅगचा दिवा काढून टाकणं धोक्याचं असतं, कारण जाणकार गिऱ्हाईक चावी ऑन करून बघतं. मग काही जण तो दिवा ऑइल प्रेशरच्या किंवा चार्जिंगच्या दिव्याच्या वायरीला जोडून देतात. चावी ऑन केली की तो पेटतो, इंजिन सुरू झालं की विझतो. वरवर सगळं बरोबर. ओळखायचं कसं? इंजिन सुरू न करता थांबा. इंजिन बंद असल्यामुळे ऑइलचा आणि चार्जिंगचा दिवा पेटलेलाच राहणार. एअरबॅगचा दिवा मात्र काही सेकंदांनी आपला आपण विझला पाहिजे. तोही त्या दोघांबरोबर ताटकळत राहिला आणि इंजिन सुरू होताच त्यांच्यासोबत त्याच क्षणी विझला, तर ती गाडी तिथेच सोडा. स्वतःची असेल तर लगेच स्कॅनर लावून घ्या.

एबीएसचा दिवा विझल्यावर गाडी हळू पुढे न्या. चालायला लागल्यावर पहिल्या काही मीटरमध्ये बॉनेटखालून ‘घुर्र’ किंवा ‘टक’ असा बारीक आवाज बऱ्याच गाड्यांत येतो. एबीएस आपली मोटर आणि व्हॉल्व्ह हलवून पाहत असतं. बिघाड समजून तक्रार करू नका. मोटरसायकलवर उलट वाटेल असा प्रकार असतो: एबीएसचा दिवा गाडी उभी असेपर्यंत पेटलेलाच राहतो आणि गाडीने ५-१० किलोमीटरचा वेग घेतला की विझतो.

विझला नाही तर? पिवळा एबीएसचा दिवा एकटाच पेटलेला असेल तर साधे ब्रेक चालू असतात, फक्त जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. बेताने चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. पण एबीएसचा पिवळा आणि ब्रेकचा लाल असे दोन्ही दिवे एकदम पेटून राहिले तर पुढे-मागे ब्रेकचा जोर वाटून देणारी ईबीडी यंत्रणाही गेलेली असण्याची शक्यता आहे, किंवा ब्रेक ऑइल उतरलेलं आहे. हँडब्रेक सुटलाय ना पाहा, ऑइलची पातळी पाहा. तरीही लाल दिवा गेला नाही तर गाडी चालवू नका, टो करून न्या. एअरबॅगचा दिवा पेटलेला असताना गाडी रस्त्यावर नेहमीसारखीच चालते, म्हणूनच तो सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. बऱ्याच गाड्यांत तो पेटला की युनिट सगळी यंत्रणाच बंद ठेवतं. एका सीटखालची वायर सुटली म्हणून समोरची एअरबॅगही उघडणार नाही, असं होऊ शकतं.

पायरी ३: स्कॅनर

स्टिअरिंगखाली गुडघ्याजवळ १६ पिनांचं एक सॉकेट असतं. ऑनलाइन मिळणारा ब्लूटूथ डोंगल तिथे लावून मोबाइलवर कोड वाचता येतात. त्यावर विसंबणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: हे सॉकेट आणि त्यावरची सर्वांना समान अशी भाषा प्रदूषणाच्या नियमांसाठी ठरली. त्यामुळे स्वस्त डोंगल प्रामुख्याने इंजिनाचेच कोड दाखवतो. एबीएस आणि एअरबॅगची युनिटं त्याच सॉकेटवरून बोलतात, पण ज्याच्या त्याच्या कंपनीच्या पद्धतीने. डोंगलने ‘नो फॉल्ट’ म्हटलं म्हणजे एअरबॅग ठीक आहे असा अर्थ होत नाही, त्याने तिला विचारलेलंच नसतं.

म्हणून ज्या गॅरेजकडे मल्टिब्रँड स्कॅनर आहे किंवा कंपनीचं टूल आहे तिथे जा आणि स्पष्ट सांगा: ‘फुल सिस्टिम स्कॅन करा, सगळ्या मॉड्यूलचा रिपोर्ट द्या, आणि मी बघेपर्यंत काही क्लिअर करू नका.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं. सवयीने कोड आधी उडवले जातात आणि मग ‘आता काही नाही साहेब’ म्हणून सांगितलं जातं. कोड उडवला की पुरावाच गेला. चाकाच्या सेन्सरसारखे काही कोड गाडी ठरावीक वेगाने चालल्याशिवाय परत येत नाहीत, तेव्हा गॅरेजच्या दारात सगळं स्वच्छच दिसणार.

रिपोर्टमध्ये आधी मॉड्यूलची, म्हणजे युनिटांची, यादी वाचा. तुम्ही घरी केलेल्या यादीशी ती जुळते का? एखाद्यापुढे ‘नो कम्युनिकेशन’ लिहिलं असेल तर ते मॉड्यूल तुमच्या व्हेरियंटमध्ये नाहीच, की आहे पण उत्तर देत नाही, हे विचारा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग कोड. पहिलं अक्षर घर सांगतं: पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे चेसिस, त्यात ब्रेक आणि स्टिअरिंग आले, बी म्हणजे बॉडी, त्यात एअरबॅग आणि पट्टे, आणि यू म्हणजे युनिटांचा आपापसातला संपर्क. उदाहरणार्थ सी००३५ हा पुढच्या डाव्या चाकाच्या वेग-सेन्सरच्या सर्किटचा कोड, यू०१२१ म्हणजे एबीएसच्या युनिटशी संपर्क तुटला. प्रत्येक कोडपुढे ‘करंट’ की ‘हिस्टरी’ तेही लिहिलेलं असतं. हिस्टरीतला एखादा जुना कोड बॅटरी बदलतानाचा असू शकतो, करंट कोड मात्र आत्ता चालू असलेला बिघाड.

कोड सर्किटचं नाव सांगतो, खराब पार्टचं नाही. सी००३५ आला म्हणून थेट सेन्सर बदलायचा, दिवा परत लागला की दुसरा सेन्सर मागवायचा, हा धंदा सगळीकडे चालतो. वायर, कनेक्टर, चाकातलं दात्यांचं रिंग किंवा बेअरिंग ह्यांपैकी काहीही कारण असू शकतं.

त्यासाठी ‘लाइव्ह डेटा’ दाखवायला सांगा. शेजारी कुणाला तरी बसवून मोकळ्या रस्त्यावर सरळ रेषेत २०-३० च्या वेगाने गाडी चालवा, शेजारचा माणूस पडद्यावर चारही चाकांचे वेग पाहील. चारही आकडे जवळजवळ सारखे हवेत. एक चाक मध्येच शून्यावर जात असेल किंवा हळू झाल्यावर इतरांच्या आधी शून्य होत असेल तर दोषी तेच. गाडी सरळ असताना स्टिअरिंगचा कोन शून्याच्या आसपास आहे का, ब्रेक दाबला की ब्रेक स्विच ‘ऑन’ होतो का, पट्टा लावल्यावर बकलची स्थिती बदलते का, हेही तिथल्या तिथे दिसतं. ही दहा मिनिटं पूर्ण सकाळमधली सर्वांत उपयोगाची.

पायरी ४: चाकांपाशी

गाडी लिफ्टवर असेल तेव्हा प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला टॉर्च मारून पाहा. हबपाशी एक सेन्सर आणि त्यातून निघून सस्पेन्शनवरून वर जाणारी वायर दिसेल. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, वायर ताणली जात नाही ना, कुठे घासत नाही ना. क्लिप तुटल्याने टायरला घासून सोललेली वायर हा नेहमीचा प्रकार. उंदरांचा मान त्यानंतरचा.

जुन्या धाटणीच्या गाड्यांत ड्राइव्ह शाफ्टवर दातेरी रिंग असतं. कोकणात, गोव्यात समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या गाड्यांत त्याच्यामागे गंज फुगतो आणि रिंग तडकतं. तेव्हा एक चमत्कारिक लक्षण दिसतं: दिवा लागत नाही, पण सिग्नलला अगदी हळू थांबताना ब्रेक पेडल पायाखाली थरथरतं आणि गाडी अर्धा-एक फूट पुढे सरकते. तडकलेल्या दात्यामुळे युनिटला वाटतं चाक लॉक होतंय, म्हणून ते ब्रेक सोडतं.

नव्या धाटणीत हे दाते नसतात. बेअरिंगच्या सीलवरच चुंबकीय पट्ट्यांचं वर्तुळ असतं, दिसायला साधं काळं-तपकिरी रबर. ते बेअरिंग उलटं बसवलं तरी चाक छान फिरतं, आवाज नाही, काही नाही. फक्त एबीएसचा दिवा लागतो, कारण चुंबकीय बाजू सेन्सरपासून दूर गेली. बेअरिंग बदलल्यानंतर लगेच एबीएसचा दिवा लागला असेल तर सेन्सरवर खर्च करण्याआधी हे विचारा. बसवण्यापूर्वी दोन्ही बाजूंना बारीक टाचणी टेकवून पाहिली की कुठली बाजू हलकेच ओढते ते कळतं.

ब्रेक ऑइलही ह्याच पायरीत. ते हवेतली वाफ शोषून घेतं. पाणी मुरलेलं ऑइल घाटात तापून ब्रेक मऊ करतं हे बहुतेकांना माहीत असतं. तेच पाणी एबीएसच्या बारीक व्हॉल्व्हमध्ये गंज धरतं हे फारसं कुणी सांगत नाही. बहुतेक कंपन्या साधारण २ वर्षांनी बदलायला सांगतात, तुमच्या मॅन्युअलमध्ये काय आहे ते पाहा. बदलण्याचा खर्च एबीएसच्या युनिटपुढे काहीच नाही.

पायरी ५: एअरबॅग आणि पट्टे

इथे पहिला नियम: पिवळ्या कनेक्टरला हात लावायचा नाही. एअरबॅगची वायरिंग मुद्दाम पिवळ्या रंगात किंवा पिवळ्या आवरणात देतात. मल्टिमीटरची पिन त्यात घालायची नाही, मोजण्यापुरता वाहणारा थोडासा विद्युतप्रवाहही धोक्याचा. काम करणारा मिस्त्रीसुद्धा आधी बॅटरी काढतो आणि मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबतो, कारण बॅटरी काढल्यावरही युनिटच्या कपॅसिटरमध्ये एअरबॅग उडवण्याइतकी वीज शिल्लक असते. तुम्ही फक्त पाहायचं.

स्टिअरिंगचं मधलं झाकण आणि डॅशबोर्डवरचं एअरबॅगचं झाकण नीट न्याहाळा. रंगात फरक, कडेला फट, चिकटवल्याच्या खुणा दिसल्या तर शंका घ्या. लबाडीचा दुसरा प्रकार इथेच होतो: एअरबॅगच्या जागी दोनेक ओहमचा रेझिस्टर जोडतात. युनिटला वाटतं एअरबॅग जागेवर आहे, दिवा नियमाप्रमाणे पेटतो आणि विझतो, स्कॅनरही काही बोलत नाही. ह्या बाबतीत युनिट आंधळं आहे. झाकणाची अवस्था आणि अपघाताचा इतिहास हेच काय ते पुरावे, म्हणून सेकंडहँड गाडीच्या विम्याचे जुने क्लेम विचारा.

एअरबॅगचा दिवा लागला आणि त्याच सुमारास हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणं बंद पडली, तर बहुधा क्लॉक स्प्रिंग गेली. फिरत्या स्टिअरिंगपर्यंत वीज नेणारी ती गुंडाळलेली पट्टी असते. सीट पुढे-मागे केल्यावर दिवा लागला तर सीटखालचं कनेक्टर. सीटखाली पाण्याच्या बाटल्या, छत्र्या कोंबण्याच्या सवयीचा हा प्रसाद.

सीट कव्हर पाहा. सीटच्या कडेला एअरबॅगचं लेबल असेल आणि वरून जाड रेक्झिनचं कव्हर घट्ट चढवलेलं असेल, तर ती एअरबॅग बाहेर येणार कुठून? साइड एअरबॅगसाठी मोकळी शिवण ठेवलेली कव्हरं मिळतात, नाहीतर कव्हर काढून टाका. समोरच्या डॅशबोर्डवर गणपतीची मूर्ती, परफ्यूमची बाटली एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेली असेल तर तीही हलवा. मूर्तीला मधल्या भागात जागा असते. बंपरपुढचा लोखंडी गार्डही उतरवा. धडकेची जाणीव सेन्सरपर्यंत जशी पोचायला हवी तशी तो पोचू देत नाही, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना ह्या गार्डवर कारवाई करायला सांगितलं आहे.

पट्टा पूर्ण बाहेर ओढा. कडा उसवल्या आहेत का, मध्ये कुठे ताणून चकाकी आली आहे का? झटका दिला की लॉक व्हायला हवा, सोडला की आपला आपण आत जायला हवा. अपघातात प्रीटेन्शनर (धडकेच्या क्षणी पट्टा ताणून धरणारा भाग) उडालेला पट्टा आत जात नाही किंवा अर्ध्यावर अडकतो. मग बकल. पट्टा न लावताच इशारा बंद राहावा म्हणून बकलमध्ये घालायच्या क्लिपा बाजारात मिळायच्या. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना त्या काढून टाकण्याचे आदेश दिले, तरी त्या अजून अनेक गाड्यांत दिसतात. क्लिप घातली की युनिटला वाटतं माणसाने पट्टा लावलाय. तुमच्या गाडीत असेल तर आजच फेकून द्या. वेगाचा इशाराही तपासा: ८० च्या वर अधूनमधून, १२० च्या वर सलग वाजतो. १२० ची चाचणी रस्त्यावर घ्यायची गरज नाही, ८० चा वाजला तर बझर जिवंत आहे.

एक काम घरबसल्या: गाडीचा व्हीआयएन (चेसिस) नंबर कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलच्या पानावर टाका. ताकाटा कंपनीच्या एअरबॅगमधला अमोनियम नायट्रेट उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडतो आणि उघडताना धातूचे तुकडे उडवतो, म्हणून जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या. भारतातही बोलावल्या गेल्या. किनारपट्टीची हवा नेमकी तशीच, त्यामुळे त्या काळातली गाडी रत्नागिरी-मालवणकडे असेल तर हे टाळू नका. रिकॉलचं काम फुकट असतं.

पायरी ६: एबीएसची मैदानावरची चाचणी

दिवे आणि स्कॅनर दोन्ही ठीक असतील तरच. मोकळं मैदान, ओली किंवा बारीक खडीची जमीन, मागे-पुढे कुणी नाही, गाडीत सुटं सामान नाही, सगळ्यांचे पट्टे लावलेले. ३०-४० च्या वेगाने जाऊन ब्रेक एकदम पूर्ण ताकदीने दाबा आणि दाबूनच ठेवा. पायाखाली पेडल थरथरेल, ‘कर्रर्र’ असा आवाज येईल, आणि स्टिअरिंग थोडं वळवलं तर गाडी वळेल. अनेक जण ती थरथर जाणवताच दचकून पाय उचलतात. खऱ्या संकटातही मग तेच करतात. तेव्हा ही चाचणी गाडीइतकीच तुमचीही आहे. मोटरसायकलवर नवख्याने हा प्रयोग करू नये.

काच, बंपर, अलाइनमेंट

ज्यांच्या गाडीत आपोआप ब्रेक लागणं, लेन सांभाळणं अशी एडीएएस यंत्रणा आहे त्यांच्यासाठी. कॅमेरा आरशामागे काचेला चिकटलेला असतो, रडार समोरच्या लोगोमागे किंवा बंपरमध्ये. काच बदलली, बंपर काढून बसवला की कॅलिब्रेशन करावं लागतं, म्हणजे कॅमेऱ्याची-रडारची नजर पुन्हा जुळवावी लागते: समोर ठरलेल्या अंतरावर लक्ष्याचा बोर्ड उभारून, किंवा टूल जोडून रस्त्यावर गाडी चालवून. कॅमेऱ्याचा कोन जरा हलला तरी दूरवरची गाडी त्याला भलत्याच जागी दिसते आणि तरीही दिवा लागेलच असं नाही. काच बदलल्याच्या बिलात कॅलिब्रेशनची ओळ आहे का ते पाहा. नसेल तर विचारा. विम्याच्या क्लेममध्येही ती आधीच घालायला सांगा.

ईएससी असलेल्या गाडीचं अलाइनमेंट झालं आणि नंतर स्टिअरिंग किंचित तिरकं राहिलं तर स्टिअरिंग अँगल सेन्सरचं शून्य पुन्हा जुळवून घ्या. चारही टायर एकाच मापाचे हवेत हे वेगळं सांगायला नको, तरी एका चाकाला वेगळ्या मापाचा टायर घालून ईएससीचा दिवा का लागतो म्हणून विचारणारे भेटतातच.

टायर प्रेशरची यंत्रणा दोन प्रकारची. चाकात सेन्सर असेल तर त्याची बॅटरी साधारण ५ ते १० वर्षांत संपते आणि सेन्सरच बदलावा लागतो. चाकात सेन्सर नसेल तर ती एबीएसच्या वेगावरून अंदाज बांधते, म्हणून हवा भरल्यावर रीसेट करावी लागते.

पिवळ्या पाटीच्या गाड्या

टॅक्सी, स्कूल व्हॅन, टेम्पो असेल तर पासिंग चुकत नाही: नव्या गाडीला २ वर्षं, पुढे ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी, मग दर वर्षी. प्रवासी गाड्यांमध्ये एआयएस-१४० ह्या मानकाचं ट्रॅकिंग उपकरण आणि आपत्कालीन बटणं असतात. उपकरणाचे दिवे, अँटेनाची वायर आणि रिचार्ज-नूतनीकरणाची तारीख पासिंगच्या आधी आठवडाभर पाहून ठेवा. बटण दाबून बघायचं असेल तर आधी पुरवठादाराला फोन करा, नाहीतर खराखुरा अलर्ट जातो. मालवाहू गाड्यांच्या स्पीड गव्हर्नरचं सील तुटलेलं नाही ना, तेही.

कागद

दिव्यांचा व्हिडिओ, स्कॅनचा रिपोर्ट आणि बदललेल्या पार्टची बिलं एकाच फोल्डरमध्ये ठेवा. पुढच्या वर्षी नवा कोड आला तर तो कधीपासून आहे हे कळतं, आणि गाडी विकताना घासाघीस कमी होते. रिपोर्ट घेताना त्यावर तारीख, व्हीआयएन आणि किलोमीटर छापून घ्या. हे तिन्ही नसतील तर तो रिपोर्ट शेजारी उभ्या असलेल्या गाडीचाही असू शकतो.